बोगद्यावरचं झाकण

ऑफिसात सर म्हणायचं आणि घरी बाबा, हा नियम लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी ठरला. हद्द म्हणजे संस्थेचं फाटक. सकाळी गाडी फाटकातून आत शिरली की बाबांचे सर व्हायचे, संध्याकाळी बाहेर पडली की सरांचे बाबा. पहिल्या वर्षी एकदाच सुनेच्या तोंडून कॉरिडॉरमध्ये "बाबा, चष्मा राहिला तुमचा" असं निघून गेलं. त्यांनी चष्मा घेतलाच नाही. दिवसभर डोळे बारीक करून कागद वाचले, दोन ठिकाणी भलत्याच जागी सह्या केल्या, पण चष्मा तिच्या टेबलावर पडून राहिला. तिने कानाला खडा लावला. संस्थेतले बाकी सगळे मात्र तिला खुशाल सुनबाई म्हणत, आणि त्याबद्दल सरांची काही तक्रार नव्हती.

सर विमानांचे आकार ठरवत. विमान पुढे दुसऱ्या कुणीतरी बांधायचं. सरांनी फक्त असा आकार द्यायचा की तो रडारला दिसू नये, निदान उशिरा दिसावा. रडार लहरी फेकतं, त्या विमानावर आपटून परत आल्या की विमान पकडलं जातं. आकार असा हवा की लहरी भलतीकडे निघून जाव्यात, आल्या वाटेने परत फिरू नयेत. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर सरांनी तीस वर्षं काढली होती आणि संस्थेत त्यांना मागून महर्षी म्हणत. समोरून म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण म्हटलं असतं तर त्यांना ते आवडलंच असतं.

आकार सर काढत. तो रडारला किती दिसतो याचं गणित सून करायची. ती आधी त्यांच्याच विभागात नवीन लागलेली मुलगी होती. दोन वर्षं तिचं काम पाहून सरांनी तिला मुलासाठी पसंत केली. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. "महर्षींनी सून नाही आणली, ओव्हरटाइम घरी आणला," असं लायब्ररीतली बाई म्हणाली होती. चेष्टेत म्हणाली होती, पण बाईचं काही चुकलं नव्हतं.

असल्या गणिताचा विकतचा प्रोग्राम संस्थेला मिळाला नव्हता. विकणारे कुणाला विकायचं आणि कुणाला नाही हे ठरवून बसलेले असतात. तिने मग फुकटचा शोधून काढला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उतरवून घ्यावा, आतला कोड वाचावा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं असा. त्यात आकाराची बारीक त्रिकोणांची जाळी विणायची, प्रत्येक त्रिकोण लहरीच्या लांबीच्या दहाव्या भागाहून लहान. मग मशीन दोन-दोन दिवस घुरघुरत बसतं आणि कोणत्या दिशेने किती लहर परत जाते ते सांगतं. जाळी ढिसाळ असली की ते खोटं सांगतं, आणि तेही छातीठोकपणे. सुनेची जाळी कधी ढिसाळ नसायची. त्या प्रोग्रामच्या चर्चेच्या पानावर तिला एका टोपणनावाने लोक ओळखत. तिने दाखवलेल्या दोन चुका मूळ कोडमध्ये दुरुस्त झाल्या होत्या आणि खाली तिचे, म्हणजे त्या टोपणनावाचे, आभार होते.

सरांच्या लेखी ते सगळं "तुझं ते फुकटचं" होतं. त्यांना प्रोग्राम उघडताही येत नव्हता. पण अहवाल त्यांच्या नावाने जायचे, म्हणून गणितंही त्यांच्याच लॉगिनमधून चालायची. पासवर्ड त्यांनी तिला पहिल्याच वर्षी घराच्या किल्लीबरोबर देऊन टाकला होता.

अकरा वर्षं, एकोणीस अहवाल, आणि एकावरही तिचं नाव नाही. "घरच्या माणसाचं नाव कसं घालायचं?" सर म्हणायचे. "लोक म्हणतील वशिला." यावर ती काही बोलायची नाही, आणि तिच्या न बोलण्याला सर समजूतदारपणा म्हणायचे.

या वर्षी मात्र गप्प बसून भागणार नव्हतं. सर तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. विभागप्रमुखाच्या जागेला अर्ज करायचा तर नियम एकच होता: स्वतःच्या नावाचा एक तरी अहवाल समितीसमोर गेलेला हवा. एकच. सरांच्या शेवटच्या आकाराचा हा विसावा अहवाल म्हणजे तिची पहिली आणि शेवटची संधी होती. नाव लागलं तर जागा तिची. नाही लागलं तर दुसरा कुणी येऊन त्या खुर्चीत बसणार, आणि ती त्याच्यासाठी जाळ्या विणत म्हातारी होणार.

शेवटचा आकार देखणा होता, हे तिलाही मान्य करावं लागलं. चपटा, पंख अंगातच विरलेले, आणि पुढे इंजिनाला हवा देणारा एक बोगदा. घोडं पेंड खात होतं ते या बोगद्याशी. लहर त्यात शिरते, भिंतींवर आपटत इंजिनाच्या पात्यांपर्यंत जाते आणि आल्या वाटेने परत येते. बोगद्यासकट जाळी केली की त्रिकोण इतके वाढायचे की मशीनची मेमरी भरून कामच बंद पडायचं. अशा वेळी या धंद्यातले सगळे जे करतात ते तिनेही केलं. बोगद्याच्या दारावर एक तिरकं, सपाट झाकण बसवलं आणि बाकीचा आकार आधी तपासून घेतला. चाचणीपुरता. फाइलच्या पहिल्या ओळीत नेहमीच्या सवयीने लिहूनही ठेवलं: बोगद्यावर तात्पुरतं झाकण आहे, खरा आकडा काढण्याआधी काढायचं.

आकडा आला उणे बत्तीस डेसिबल. उणे जितका मोठा तितकं विमान कमी दिसतं, दर दहाला दहा पट. म्हणजे समोरच्या रडारला हे अख्खं विमान चिमणीएवढं.

सर तेवढ्यात मागे येऊन उभे राहिले. "बत्तीस?"

"सर, हा चाचणीचा आहे. बोगद्याचं अजून..."

"बत्तीस आला ना?" त्यांनी फोन काढून संचालकांना लावलाही होता. "हं, बत्तीस. समोरून. हो, मी स्वतः बसून काढला." मग फोनवर हात ठेवून तिला म्हणाले, "चित्रं रंगीत कर. निळा जास्त घाल."

ती संध्याकाळी सांगणार होती. खरंच सांगणार होती. गाडीत, फाटकाबाहेर पडल्यावर, सरांचे बाबा झाल्यावर. पण दुपारी अहवालाचं पहिलं पान छापून आलं. वर सरांचं नाव. त्याखाली दुसरं नाव होतं संचालकांच्या जावयाचं. जावई सहा महिन्यांपूर्वी विभागात आला होता, आणि त्याचं आतापर्यंतचं काम म्हणजे आकृत्यांमध्ये रंग भरणं आणि प्रिंटरला कागद घालणं.

ती ते पान घेऊन सरांच्या खोलीत गेली.

"सर, माझं नाव घालता येईल का? तिसरं चालेल. अर्जाला लागतंय."

"हे आपलं ठरलंय ना?"

"जावयाचं घातलंय."

"तो आपला कुठे लागतो? तो संचालकांचा." यात काही गमतीचं आहे असं सरांना वाटलं नाही. "तुझं घातलं तर वशिला होईल. आणि खरं सांगू का, तुझं काम बटण दाबायचं आहे. विचार माझा. मशीनचं नाव घालतो का आपण अहवालावर?"

"नाही, सर."

"मग?"

ती जागेवर येऊन बसली. तिला राग आला असं म्हटलं तर ते फारच कमी पडेल. तिला तो माणूस कोसळलेला पाहायचा होता, चारचौघांत, टेबलाच्या मधोमध, आणि आपण शांतपणे भिंतीला टेकून पाहत असताना. हे तिला स्वच्छ कळलं, आणि कळल्यावर फार बरं वाटलं.

त्यासाठी करायचं काहीच नव्हतं. फक्त सांगायचं नव्हतं. अकरा वर्षं ती मूग गिळून बसली होती, आणखी दहा दिवस बसायचं. खोटं ती बोललेली नव्हती. झाकणाचं फाइलीत लिहून ठेवलं होतं. उघडून वाचायला काय, कुणालाही येत होतं, महर्षी सोडून. वर लॉगिनही त्यांचंच. ताकास तूर लागायचं कारण नव्हतं.

आणि बिंग फुटणार हे तर नक्कीच होतं. प्रत्येक आकाराचं लाकडी मॉडेल बनायचं, त्याला चंदेरी रंग द्यायचा आणि ते मोजमापाच्या हॉलमध्ये न्यायचं. त्या हॉलच्या भिंतींना आणि छताला लहरी गिळणाऱ्या फोमचे हातभर लांब काटे लावलेले, म्हणून तिथल्या प्रमुखाला सगळे काटेवाला म्हणत. गणिताचा आकडा आणि काटेवाल्याचा आकडा समितीसमोर शेजारी शेजारी ठेवायचे, ही पद्धत होती. मॉडेल करणारा सुतार मूळ आराखड्यावरून काम करायचा. त्याच्या मॉडेलला बोगदा होता. झाकण नव्हतं.

तरीही तिला राहवलं नाही. घरच्या मशीनवर, चर्चेच्या पानावर कुणीतरी सुचवलेली युक्ती वापरून, तिने जाळीचे दोन तुकडे केले आणि झाकण काढून गणित चालवलं. गुरुवारी ते पुरं झालं. उणे साडेदहा. चिमणीच्या शंभर पटीहून जास्त. सरांचा देखणा आकार समोरून आरशासारखा चमकत होता. आकडा अचूक होता, हे तिला मशीन थांबण्याआधीच कळलं होतं. तो कुणाला तरी दाखवावा असं तिला फार वाटलं. दाखवण्यासारखं कुणी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नाश्ता करताना त्यांनी विचारलं, "सगळं नीट आहे ना त्यात? आज सही करतोय."

"हो, बाबा," ती म्हणाली. घर होतं, म्हणून बाबा.

समितीची बैठक बुधवारी अकराला भरली. लांब टेबलाशी संचालक, समितीचे चौघे, काटेवाला, सर, जावई आणि टिपणं घेणारी एक बाई. सून भिंतीजवळच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपवाल्यांची जागा तीच. सर अर्धा तास बोलले आणि सुंदर बोलले. शेवटी पडद्यावरच्या निळ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ही चिमणी आहे." दोघांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत राहिली, कारण हसू आवरत नव्हतं.

मग काटेवाला बोलायला लागला. हळू बोलणारा माणूस. कुणाचं वाईट चिंतायची त्याला सवयच नव्हती, आणि म्हणून त्याच्या तावडीतून सुटायला जागा नसायची.

"सर, माझा आकडा जुळत नाही. थोडाथोडका नाही. आधी वाटलं माझ्याच हॉलमध्ये काहीतरी बिघडलंय. तीनदा मोजलं."

"मॉडेल वाकडं असेल," सर म्हणाले.

"तेही पाहिलं. मग तुमची फाइल उघडली. प्रोग्राम फुकटचा आहे, मीही उतरवून घेतला." त्याने फाइल पडद्यावर लावली. झाकणाची ओळ वीतभर अक्षरांत भिंतीवर उमटली. सगळ्यांनी वाचली. सरांनी डोळे बारीक करून वाचली, चष्मा असूनही.

"कुणी चालवली ते दिसतं का यात?" संचालकांनी विचारलं.

"दिसतं. लॉगिन सरांचं आहे."

"म्हणजे झाकण आहे हे माहीत होतं," संचालक म्हणाले. "स्वतः लिहून ठेवलंत, आणि तरी बत्तीसवर सही केलीत. याला चूक म्हणत नाहीत, सर. याला काय म्हणतात ते मला या टेबलावर बोलायचं नाही."

सरांचा हात समोरचे कागद सरळ करत राहिला, ते सरळच होते तरी. "मी फक्त रंग भरले," जावई म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. सुनेने भिंतीला पाठ टेकली. तिला हवं ते सगळं समोर चाललं होतं, आणि ते कल्पनेपेक्षा गोड होतं. तो हात असाच दुपारपर्यंत कागद सरळ करत राहावा असं तिला वाटलं.

मग सर म्हणाले, "मला हा प्रोग्राम उघडता येत नाही."

आता खोली दचकेल, असं तिला वाटलं. अकरा वर्षं झाकून ठेवलेलं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पण कुणी दचकलं नाही. कुणाची भुवईसुद्धा हलली नाही.

"ते माहीत आहे हो," संचालक म्हणाले. "गणितं सगळी सुनबाई करतात. ते काय आज कळतंय का आम्हाला?"

काटेवाल्याने मान हलवली. टिपणं घेणाऱ्या बाईनेही हलवली. जावयानेसुद्धा.

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या अहवालापासून. एकोणीस वेळा टाळ्या वाजवताना त्या खऱ्या कुणाच्या, हे या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कुणालाही ते कधी बोलावंसं वाटलं नव्हतं. तिला सरांचा जेवढा राग होता तेवढा एका क्षणात या सगळ्यांचा आला, आणि त्याचं करायचं काय ते तिला कळेना.

"मग त्यांनाच विचारू," संचालक म्हणाले, आणि खुर्च्या तिच्याकडे वळल्या. "सुनबाई, हे झाकण चुकून राहून गेलं का?"

हो म्हटलं असतं तर ती सुटली असती. चाचणीची फाइल घाईत पुढे गेली, माफ करा. असल्या चुका होतात. समितीने कान पिळून सोडून दिलं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण तेवढ्यात काटेवाल्याने, निव्वळ कुतूहलाने, विचारलं, "झाकण काढलं तर किती यावा, तुमच्या अंदाजाने?"

तुमच्या अंदाजाने. या खोलीत तिला आजवर कुणी आकडा विचारला नव्हता.

"उणे साडेदहा," ती म्हणाली. "अंदाज नाही, काढलाय मी."

काटेवाल्याने त्याचं बंद फोल्डर उघडलं आणि कागद टेबलावर फिरवून ठेवला. उणे दहा पूर्णांक सहा. "वा," तो म्हणाला. "लाकडी मॉडेलशी एवढं जुळणं म्हणजे... वा. बोगद्यासकट? मशीन कुठलं?"

"घरचं. जाळीचे दोन तुकडे केले. जोडावरचे त्रिकोण एकमेकांत नीट बसवावे लागतात, नाहीतर जोडच खोटा चमकतो." ती उभी राहिली होती, कधी, ते तिला कळलं नाही. ती दोन मिनिटं बोलली. हात करून बोगदा दाखवला, लहर कुठून शिरते, कितव्या वळणावर फिरते, दार थोडं वाकडं केलं तर किती फरक पडेल. एकाने वहीत लिहून घेतलं. संचालक लक्ष देऊन ऐकत होते. तिच्या नोकरीतली ही सगळ्यात सुखाची दोन मिनिटं.

"छान," संचालक म्हणाले. "कधी काढलात हा आकडा?"

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, आणि मग तिला प्रश्न समजला.

"कधी, सुनबाई?"

"गुरुवारी."

"अहवालावर सही शुक्रवारची आहे."

काटेवाल्याने आपला कागद हळूच परत ओढून घेतला. फाइलीतली ओळ अजून भिंतीवर तशीच होती, आणि आता ती तिच्या अक्षरातली असल्यासारखी दिसत होती.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रंग परत येत होता. "शुक्रवारी सकाळी मी विचारलं होतं तिला," ते शांतपणे म्हणाले. "घरी, नाश्ता करताना. सगळं नीट आहे ना म्हणून. हो म्हणाली." ऑफिसात घर आणायचं नाही हा नियम त्यांचाच होता. आज त्यांनी नाश्त्याच्या टेबलासकट घर आणलं.

टिपणं घेणाऱ्या बाईने पेन उचललं. "पूर्ण नाव सांगा. नोंदीत घालायचंय."

तिने सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, मग सरांचं आडनाव. बाईने लिहून मोठ्याने वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. बरोबर होतं. संस्थेच्या कागदावर ते असं पहिल्यांदाच येत होतं, आणि त्याच्यापुढे "यांनी समितीपासून माहिती जाणूनबुजून दडवली" असं लिहिलं गेलं. तिने खाली सही केली.

जेवणाच्या सुट्टीआधी सगळं उरकलं. तिची बदली तळमजल्यावरच्या रेकॉर्डरूममध्ये. गणिताच्या मशीनला हात लावायचा नाही, जागेसाठी अर्ज करायचा नाही. आकार सुधारायला सरांना सहा महिन्यांची मुदतवाढ. त्यानंतर विभाग जावयाकडे, कारण नियम एकच होता आणि जावयाच्या नावाचा एक अहवाल समितीसमोर गेला होता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे गाडी तीच चालवत होती. सर शेजारी, मांडीवर बॅग. फाटकाशी पुढे दोन गाड्या होत्या, म्हणून थांबावं लागलं.

"ते तुला काढूनच टाकणार होते," सर म्हणाले. "मी म्हटलं, राहू द्या, घरची आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा वशिला लावला तुझ्यासाठी."

ती समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत राहिली.

"घरच्या मशीनवर बोगद्यासकट चालतं म्हणालीस. ते दार वाकडं करायचंही बरं वाटलं मला. आता ते सगळं घरीच करायचं. फाइली मी आणत जाईन. जावयाला काही येत नाही." त्यांनी बॅगेची चेन उघडून पाहिली आणि बंद केली. "आणि नावाचं म्हणशील तर ते आता लागलंय. हौस फिटली असेल."

पहारेकऱ्याने दांडा वर केला, सरांना सलाम केला. गाडी रस्त्यावर आली.

"हो, सर," ती म्हणाली.

"बाहेर आलोय आपण," ते म्हणाले. "बाबा म्हण."

तिने गिअर बदलला. "हो, बाबा."